बिनपैशाचा डाव

गौरीशंकर अप्पांना बिभीषण फारसा ठाऊक नव्हता. एका गल्लीत राहून, रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसूनही नव्हता. त्यानं कॉलेज मधेच का सोडलं, वडील गेले तेव्हा तो रडला की नाही, एकटा असताना त्याच्या मनात काय चाले, यातलं अप्पांना काही सांगता आलं नसतं. विचारावं असं कधी वाटलं नाही, असंही नाही. पण अप्पांचा स्वभावच असा, की प्रश्न ओठापर्यंत येईतो समोरचा माणूस उठून गेलेला असे. एसटीत कंट्रोलर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. तिथं माइकवरून गाड्यांची नावं पुकारताना आवाज कधी अडला नाही. माइक खाली ठेवला की अडायचा.

नळदुर्गच्या बाहेर, हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्याला आण्णासाहेबांचा वजनकाटा आहे. उसाच्या ट्रॉल्या, सोयाबीनचे टेम्पो, खडीच्या गाड्या तिथं वजनाला येतात. गाडी लोखंडी पाटावर चढते, केबिनमधला माणूस कॉम्प्युटरवर आकडा बघतो, पावती काढतो आणि खिडकीतून हातात देतो. तो माणूस म्हणजे बिभीषण. वय पस्तिशीला टेकलेलं, अंगानं बारीक, बोलणं हळू. घरी आई धुरपताबाई, एक म्हैस, आणि ओढ्याकडंला थोडी जमीन. अप्पांची बायको गेल्यावर संध्याकाळचं घर त्यांना नकोसं व्हायचं, म्हणून ते केबिनमधल्या बाकावर येऊन बसत. बिभीषण त्यांच्यासाठी पंख्याचं तोंड वळवून ठेवी. यापलीकडं दोघांत फार बोलणं नसे.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बिभीषण कॉम्प्युटरवर पत्ते खेळे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अप्पांनी बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं आणि मग विचारलं, "हे कसले रे पत्ते? राजा-राणी कुठं दिसंना."

"ह्यात राजा-राणी नसतेत अप्पा. राक्षस, जादूगार, जंगलं, नद्या, असलं असतंय. हजारो पानं हायेत. त्यातली आपल्याला पायजेत ती निवडायची आन् आपला कॅट आपुन बांधायचा."

"आणि समोर कोण आहे?"

"आज ब्राझीलचा एकजण हाय. बस चालवतो तिकडं."

अप्पा बाकावरून जरा पुढं सरकले. "म्हणजे एसटीच?"

"तिथली एसटी म्हना."

त्या दिवसापासून अप्पा त्या ब्राझीलवाल्याच्या बाजूनं झाले. तो हरला की त्यांना वाईट वाटे. हळूहळू त्यांना एवढं कळलं, की ही पानं परदेशात खरोखरची छापलेली मिळतात, लोक ती हौसेनं विकत घेतात, जमवतात, पेटीत जपून ठेवतात. बिभीषणनं असलं पान कधी हातात धरलेलं नव्हतं. पण काही लोकांनी मिळून एक प्रोग्राम तयार केला होता आणि तो जगाला फुकट वाटला होता. कुणीही उतरवून घ्यावा, पानांची चित्रं घ्यावीत, आणि दुसऱ्या देशातल्या माणसासमोर डाव मांडून बसावं. त्या प्रोग्रामात पंच नव्हता. तो नुसती सतरंजी अंथरून द्यायचा. पान आपण ओढायचं, आपला मार आपण मोजायचा, हरलो तर आपणच म्हणायचं की हरलो.

"लबाडी केली तर?" अप्पांनी विचारलं होतं.

"तर काय? एकदा करंल. पुन्यांदा त्याच्यासंगं कुणी बसत न्हाय."

"आणि जिंकलास तर?"

"समोरचा लिवतो, चांगला खेळलास."

"बस?"

"बस."

खिडकीशी येणाऱ्या ड्रायव्हर लोकांना मात्र हे पटणं कठीण होतं. स्क्रीनवरचे पत्ते म्हणजे मोबाईलवरची रमी, एवढंच या भागात लोकांना माहीत. पावती घ्यायला हात आत आला की पाठोपाठ प्रश्न यायचा, "किती लावले?" सुरुवातीला बिभीषण समजावून सांगे, की दादा, ह्यात पैशे नसतेत. ऐकणारा डोळा मिचकावून म्हणे, "व्हय व्हय, आमी बी तसंच सांगतो घरी." शेवटी तो कंटाळला. मग त्यानं एक ठरलेलं उत्तर करून टाकलं. कुणी विचारलं, "किती लावले?" की तो मान न वळवता सांगायचा, "शेत लावलंय, पावणं. हारलो तर म्हस बी जाणार." ड्रायव्हर खो खो हसायचा, पावती खिशात घालून निघून जायचा. अप्पाही हसायचे. एरवी न हसणारे दोघं त्या एका वाक्याला रोज हसत.

बिभीषणचं लग्न जमत नव्हतं. काट्यावर बसतो म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठत. धुरपताबाई देवीला, पिराला, ज्यानं जे सांगितलं त्याला नवस बोलून थकल्या होत्या. आणि मग बेंबळीचं स्थळ आलं. मुलगी करिश्मा, बेंबळीतच एका झेरॉक्सच्या दुकानात बसायची, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. वय तिचंही वाढलेलं. बघण्याच्या दिवशी दोघांना थोडा वेळ आतल्या खोलीत बोलायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी बिभीषणनं न विचारता अप्पांना सांगितलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"अप्पा, तिनं विचारलं, मोकळ्या येळंत काय करता."

"मग? काय सांगितलंस?"

"खरं त्येच सांगितलं. पत्ते खेळतो म्हनलं, कॉम्प्युटरवर. असं असं असतंय. तर म्हनली, जिंकल्यावर काय मिळतं? म्या म्हनलं, काय न्हाय. तर लई हासली."

"हसली?"

"आन् म्हनली, मला शिकवाल का?"

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं तर कान लाल झालेले. त्या दिवसापासून गाडी नसली की तो डाव मांडायचाच नाही. करिश्मासाठी कॅट बांधत बसायचा. सोपी पानं निवडायची, अवघड काढून टाकायची. "हिरव्यानं सुरवात करावी," तो स्वतःशीच म्हणे. "जंगलाची पानं. नवख्याला सोपं पडतं." पान ठेवायचा, पुन्हा काढायचा. भाजी निवडणाऱ्या बाईसारखा. अप्पांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो विचारी, "हे ठिवू का अप्पा?" आणि अप्पा गंभीरपणे सांगत, "राहू दे."

मुलीच्या आईवडिलांची ना नव्हती. आता फक्त मामाची संमती राहिली होती. आमच्याकडं सुपारी फुटण्याआधी मुलीचा मामा एकदा स्वतः चौकशी करून जातो. सांगून येत नाही. अनोळखी माणूस होऊन येतो, गल्लीत पाणी मागतो, पानटपरीवर थांबतो, मुलगा काम करतो तिथं काहीतरी निमित्त काढून डोकावतो. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कधी येणार ते माहीत नसतं. म्हणून धुरपताबाईंनी ओटा सारवून घेतला, शेजारणींना बजावून ठेवलं, लेकाला रोज दाढी करायला लावली. "काट्यावर तंबाखूवाल्यांना आत घिऊ नगंस," एवढंही सांगून झालं. त्या ठरलेल्या वाक्याची आठवण मात्र कुणालाच झाली नाही. ना बिभीषणला, ना अप्पांना.

सोयाबीनचा एक टेम्पो पाटावर चढला. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला टोपीवाला माणूस उतरून खिडकीशी आला. साठीच्या आसपासचा, उन्हानं रापलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली. अप्पा बाकावर होते. बिभीषणनं आकडा टिपला, पावती काढायला टाकली. स्क्रीनवर आकड्याशेजारीच ब्राझीलवाल्याची पाळी चालू होती, म्हणून त्याचं लक्ष तिकडं होतं.

"काय चाललंय?" त्या माणसानं विचारलं.

"डाव चाललाय."

"किती लावले?"

"शेत लावलंय, पावणं. हारलो तर म्हस बी जाणार."

तो माणूस हसला नाही. त्यानं विचारलं, "आन् घर?"

त्या दिवसांत बिभीषण खुशीत होता. एरवी त्या वाक्यापुढं तो कधी गेला नव्हता. त्या दिवशी गेला. "घर मागंच गेलं की! आता आई तेवढी राह्यलीय."

अप्पा मोठ्यानं हसले. इतके, की त्यांना ठसका लागला. त्या माणसानं एकदा अप्पांकडं नीट पाहिलं, पावतीची घडी घातली आणि टेम्पोत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. स्थळ नको म्हणतात. पोरगा पत्त्यावर घरदार लावतो. कुणी लावालावी केलेली नाही, त्यानं मामाला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. शेजारी एक म्हातारा बसलेला, तोही हसत होता.

बिभीषण रोजच्यासारखा काट्यावर गेला. धुरपताबाई मात्र अप्पांच्या दारात आल्या. "तुमी व्हता तिथं. तुमी जाऊन सांगा. तुमचं ऐकतील, तुमी सरकारी मानूस."

अप्पा आयुष्यात कुणाची रदबदली करायला कुणाच्या दारी गेले नव्हते. स्वतःच्या बदलीसाठीही साहेबापुढं उभे राहिले नव्हते. पण ते निघाले. धाराशिवला गाडी बदलून बेंबळीला जाईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात वाक्यं जुळवली. पहिल्यांदा थट्टा होती हे सांगायचं. मग प्रोग्राम फुकट आहे हे सांगायचं. मग पैशाचा संबंधच नाही हे. तीन वाक्यं. एवढी तर माइकशिवाय म्हणता येतील.

मामाचं नाव शिवशंकर. ते करिश्माच्याच घरी भेटले. त्यांनी अप्पांना ओळखलं, पण अपमान केला नाही. पाटावर बसवलं, पाणी दिलं. करिश्मानं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

अप्पांनी तिन्ही वाक्यं म्हटली. नीट म्हटली. शिवशंकरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पैशे न्हाईत म्हनता."

"एक रुपया नाही."

"मंग खेळतो कशाला?"

अप्पांनी याची तयारी केली नव्हती. रोज शेजारी बसून त्यांनी हे बिभीषणला कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "त्याला आवडतं."

"आवडतं, ते मान्य हाय. आमच्या दाजीला बी आवडायचं." शिवशंकरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या धाकट्या भनीचा मालक. मोबाईलवर रमी खेळायचे. तेबी म्हनायचे, टाइमपास हाय. हासून म्हनायचे, आज ट्रॅक्टर लावलाय बरं का शिवशंकर. आमी समदे हासायचो. आन् मंग खरंच ट्रॅक्टर गेला. मंग रान गेलं. मंग दाजी गेले. आता त्या घराला जोंधळं म्या पोचवतो. थट्टा कोनची आन् खरं कोनचं, ते मला वळखू येत न्हाई आता."

"हे तसलं नाही हो. यात समोर परदेशातली माणसं असतात. ब्राझीलचा एक बस चालवतो..."

"ब्राझीलचा मानूस नळदुर्गच्या काट्यावर फुकट पत्ते खेळायला येतो?"

अप्पांच्या स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं.

"तुमी किती वळखता त्या पोराला?"

"रोज संध्याकाळी बसतो मी तिथं."

"काय बोलता?"

"फार बोलणं नसतं आमचं."

"त्येच्या मनात काय हाय, घेणं-देणं काय हाय, मालूम हाय तुमास्नी?"

"नाही," अप्पा म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं एवढंच होतं.

उठता उठता त्यांनी कसाबसा एक प्रश्न केला. "मुलीचं काय म्हणणं आहे?"

शिवशंकरनं आतल्या दाराकडं बघून आवाज खाली आणला. "पोरीला शिकवनार व्हता त्यो. तिनंच सांगितलं, हासत हासत. धाकटी भन बी अशीच हासायची."

अप्पा रिकाम्या हातानं परतले. काय झालं ते त्यांनी धुरपताबाईंना दोन शब्दांत सांगितलं. बिभीषणनं विचारलंच नाही. करिश्मासाठी बांधलेला कॅट त्यानं कधी पुसून टाकला तेही अप्पांना कळलं नाही.

स्थळ मोडलं म्हणजे कारण लागतं, आणि कारण गावाला तोंडपाठ होतं. बेंबळीहून ते तुळजापूरला आलं, तुळजापूरहून नळदुर्गला परत आलं, येताना मोठं होऊन आलं. आधी बिभीषण शेत लावतो होतं, मग शेत गेलंय झालं. एक दिवस एक जमिनीचा दलाल चक्क दारात येऊन उभा राहिला. "मावशी, ओढ्याकडंची जमीन कुणाला गेली? त्येच्याकडनं आमी घेऊ, तुमी नुसतं नाव सांगा." धुरपताबाईंनी त्याला शिव्या देऊन हाकललं. पण त्या रात्री जेवल्या नाहीत.

ड्रायव्हर लोकही बदलले. आता "किती लावले?" असं कुणी विचारत नव्हतं. पावती घेऊन आकडा दोनदा बघत. एकानं तर टेम्पो खाली उतरवून पुन्हा पाटावर घातला. आण्णासाहेब स्वतः केबिनमध्ये आले, बाकावर अप्पांशेजारी बसले.

"बिभीषण, तू तसला न्हाईस हे मला म्हाईत हाय."

"व्हय, आण्णा."

"पण काट्यावर लोकांचा भरोसा उडाला तर म्या काय वजन करू? माझं डोस्कं? ते काय हाय ते काढून टाक त्यातनं."

"काढतो."

आण्णासाहेब गेल्यावर त्यानं काढायच्या आधी काहीतरी इंग्रजीत लिहिलं. अप्पांनी विचारलं, "कुणाला?"

"ब्राझीलला. जातो म्हनलं."

थोड्या वेळानं स्क्रीनवर उत्तर आलं. "काय म्हणतो?"

"का, म्हनून इचारतोय."

"मग?"

बिभीषण हसला. ते हसू अप्पांनी पूर्वी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहावं असं नव्हतं. "काय सांगू त्याला अप्पा? शेत लावलं व्हतं, हारलो, असं लिवू?"

त्यानं काही लिहिलं नाही. प्रोग्राम काढला. वजनाचा आकडा तेवढा स्क्रीनवर राहिला, पाटावर गाडी नव्हती म्हणून शून्य.

तरीही तो गावात राहिला असता, असं अप्पांना वाटतं. स्थळं याआधीही मोडली होती, लोकांची तोंडं दोन महिन्यांत दुसरीकडं वळतात. पण एका दुपारी अप्पा बिभीषणच्या घरी ताक प्यायला बसले होते. धुरपताबाई भांडं हातात घेऊन तशाच समोर बसून राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अप्पा, तुमी देवमानूस. मला खरं सांगा. लावलं व्हतं का त्यानं?"

"अहो, काय बोलता!"

"म्या कुनाला सांगत न्हाई. येकदा कळू द्या मला. माझ्या नावावर हाय का न्हाई आता ते रान?"

"काही लावलं नाही त्यानं. मी शपथ घेतो."

"तुमी तरी कसं सांगताव? तुमास्नी त्या पत्त्यातलं काय कळतंय?"

दाराशी सायकलचा आवाज कधी झाला ते दोघांनाही ऐकू आलं नव्हतं. बिभीषण उंबऱ्यात उभा होता. तो आत आला, हातपाय धुतले, आईच्या हातातलं भांडं घेऊन चुलीजवळ ठेवलं. रागावला नाही. "आई, रान तुज्याच नावावर हाय," एवढंच म्हणाला, एखाद्या लहान मुलाची समजूत काढावी तसा. आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला.

पुढच्या सोमवारी तो चाकणला निघाला. तिथल्या कुठल्याशा गोदामात त्याला काम मिळालं होतं. खोकी मोजायची आणि गाडीत चढवायची. दिवाळीनंतर येऊन त्यानं म्हैस विकली, आईला घेऊन गेला, घराला कुलूप लावलं. तेव्हा अप्पा सोलापूरला डोळ्याच्या दवाखान्यात होते, भेट झाली नाही. पुढं झालीच नाही. काट्यावर आता आण्णासाहेबांचा भाचा बसतो. दोन गाड्यांच्या मधे तो मोबाईलवर रमी खेळतो. त्याला कुणी काही विचारत नाही.

त्या सोमवारी अप्पा स्टँडवर गेले होते. निरोप द्यायला म्हणून नव्हे, ते सकाळी तिकडं फिरायला जातच. बिभीषणच्या पाठीवर एक बॅग होती आणि हातात पिशवी. दोघं शेडखाली उभे राहिले. शिवशंकरनं विचारलेला प्रश्न अप्पांच्या ओठाशी आला होता, की बाबा, खेळायचास कशाला? एवढ्यात गाडी लागली आणि माणसं दाराकडं पळाली.

"गर्दी हाय," बिभीषण म्हणाला.

"सोलापूरला अर्धी उतरतील," अप्पा म्हणाले. "मागं बसू नको. टायरवर लई आदळतं."

"बरं, अप्पा."

"खिडकी बघून बस."

"बसतो. तुमी जावा आता, ऊन व्हाया लागलं."